कोणता आकडा वाढावा

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमची आई चिक्कडपल्लीतल्या एका छोट्या दवाखान्यात निजली आहे. रक्तात जंतू पसरलेत, अंगात ताप आहे. ती तुम्हाला ओळखते, पण हाक मारताना मध्येच थांबते. संघमित्राच्या आईचं असंच झालं होतं. संघमित्राला घरात सगळे मित्रा म्हणत.

एका राज्याची दोन राज्यं झाली, त्या वर्षातली ही गोष्ट. मित्राचे बाबा, सूर्यभान, सरकारी नोकरीत. आपण तेलंगणात राहतो की आंध्रात जातो, हे कळेना म्हणून दिवसभर कचेरीत अडकलेले. आईजवळ मित्रा आणि केसरआत्या.

सिस्टर आईच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब, रक्तात साठलेलं आम्ल मोजणाऱ्या छोट्या यंत्राला लावायची. आकडा उतरला की खूश. मग खाटेला टांगलेली लघवीची पिशवी बघायची. तिथं आकडा चढला की खूश.

"खून का नंबर उतरना, पिशाब का चढना. तबीच अम्मी अच्छी होती," सिस्टरने समजावलं.

"शाळेत तर सगळेच आकडे चढावे लागतात," मित्रा पुटपुटली.

"तुझ्या डोक्यात शिरलं तर मलाही सांग," आत्या म्हणाली आणि भिंतीला टेकून पेंगू लागली.

दुपारी हिमायतनगरहून बाबांच्या ओळखीचे लोक भेटायला येणार होते. मित्राची नजर पिशवीवर गेली. पदर सारखा केल्याशिवाय दार न उघडणारी आपली आई, आणि चार माणसांसमोर हे लटकलेलं? तिने सिस्टरसारखी खालची तोटी उघडली, मगात सगळं काढलं आणि संडासात ओतून आली. संध्याकाळी जामबाग भागातले पाहुणे आले, तेव्हाही तिने तेच केलं.

पाहुणे गेले आणि डॉक्टर आले. बाबाही नुकतेच पोचले होते. रक्ताचा आकडा सकाळी सहापेक्षा जास्त होता, आता तीनपेक्षा कमी. डॉक्टर हसले. मग पिशवीकडे वाकले आणि त्यांचं हसू गेलं. तळाशी चमचाभर लघवी. त्यांनी नळी चाचपली, पोट दाबून पाहिलं, यंत्रावर पुन्हा एक थेंब घेतला. आकडा तोच.

"रक्त म्हणतंय बरी होतेय, पिशवी म्हणतेय मूत्रपिंडं बंद पडली," ते बाबांना म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, यंत्राने रक्त धुवायला. पण वाटेत हिला धोका आहे, हे आधीच सांगतो."

बाबांनी बहिणीकडे पाहिलं. "केसर, काय करायचं?"

"मला काय विचारतोस दादा? मला पहिलाच आकडा कळला नव्हता."

बाबांनी डॉक्टरांना "न्या" म्हणून सांगितलं. सिस्टर गाडी बोलवायला फोनकडे निघाली. मित्राला आपण दोनदा ओतलेला मग आठवला. फेकलेली लघवी मोजतात का? की ती गेली म्हणजे गेलीच? तिला कळेना. विचारावं तर आत्या सगळ्यांदेखत झोडपणार. पण आईला तर आत्ताच हलवणार होते.

ती न्हाणीत धावली, तोच मग उचलून नळाखाली धरला, पाणी मघाच्या लघवीपेक्षा जास्त झालं तसं थोडं ओतून टाकलं, आणि दोन्ही हातांनी तो सांभाळत डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली.

"इत्ता था, डॉक्टर साब. दो बार. मैंच फेकी."