बयाबाईचं मंडल

बयाबाईचा विसराळूपणा फार वाढला, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिचा नवरा केरू तिला नाशिकच्या एका केंद्रात मंडलाची गोल नक्षी रंगवायला नेऊ लागला. मखमलाबादच्या मळ्यात दोघांनी जन्मभर झेंडू पिकवला होता. आता ती त्याला ओळखतही नव्हती. मात्र कागदावरच्या गोल गोल पाकळ्यांत रंग भरताना तिचे अस्वस्थ हात शांत व्हायचे.

एकदा तिथं शिकवणाऱ्या दीपमालाताईंनी विचारलं, "आजी, एवढं सुंदर मंडल कुणाला देणार?"

"आमच्या मालकांना," बयाबाई लाजली. "फुलं घेऊन मार्केटला गेलेत. येतील आता."

केरू शेजारीच बसला होता. ताई त्याच्याकडे बोट दाखवणार, तोच त्यानं मानेनं नको म्हटलं. ओळख पटवायला गेलं की ती घाबरून रडायची.

"लय जीव हाय का त्यांच्यावर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर! पण त्यांना कधी बोलले नाय."

मग परक्या माणसाशी जास्तच बोलले असं वाटून तिनं पदर सावरला आणि खुर्ची लांब सरकवली. केरूनं हात लांबवून रंगांचा डबा तिच्यापुढं ठेवला.