पुढचा ब्रेक

खामगावच्या जिनिंगमध्ये प्रेमानंद फिटरच्या हाताची अशी पत, की मशीन अडलं तर मालक आधी त्याला हाक मारायचा आणि मग देवाला. घरात मात्र त्या हाताला काडीची किंमत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्याची राजदूत मोटारसायकल जलंबच्या रस्त्यावर आडव्या आलेल्या बैलगाडीवर आदळली. मागं बसलेल्या त्याच्या बायकोचा, रेणुकाचा गुडघा मोडला. दवाखान्यात दहा माणसांदेखत ती बोलली, "यायनं पुढचा ब्रेक दाबलाच नाही."

प्रेमानंदला तर आठवत होतं, चारही बोटं लिव्हरवर आवळली होती. पण बायको कशाला खोटं बोलेल? घाबरून दाबलाच नसेल आपण, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पाप पदरात घेतलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्याला तेल चोळायचं आणि वर टोमणे ऐकायचे. ती पुन्हा त्याच्या मागं बसली नाही. हिवरा आश्रमच्या जत्रेला जायचं तरी एसटीनं.

यंदा त्यानं अपघातापासून ताडपत्रीखाली पडलेली राजदूत काढली. "पुढचा ब्रेक असा करतो का बोट लावलं का गाडी जाग्यावर. मंग तरी बसशील?"

"ब्रेक बदलाल तुमी," रेणुका म्हणाली, "पन हात तर तोच राहीन."

अस्सं लागलं ते! तरी रविवारी तो अंगणात बसलाच. नवे ब्रेक-शू आणले होते, आतून पसरून चाक धरणारे. केबल जी दांडी ओढते, ती दोन बोटं लांब करून घेतली होती, म्हणजे कमी जोरात जास्त पकड. आता चाकाच्या ड्रमला आतून खडू फासायचा, चाक फिरवायचं, शूवर जिथं पांढरं उमटेल तिथंच घासायचं, की अख्खा शू ड्रमला भिडतो. त्यानं चाक काढलं, ड्रम उघडला आणि बघतच राहिला.

दोन्ही शू तारेनं एकमेकांना करकचून बांधलेले! लिव्हर दाबलं तर हाताला ताठ लागणार, पण शू काही केल्या पसरणार नाहीत. शूवरचं घासायचं लायनर कोरं करकरीत. अपघाताच्या आठच दिवस आधी गोविंदा मिस्त्रीनं हे शू नवे टाकले होते. आणि आठ दिवसांत कळणार तरी कसं? आपल्याकडं सगळा कारभार पायाच्या ब्रेकवर, पुढचा दाबतो कोण!

"गोविंद्या, लेका! मित्र म्हनवतं अन् हे करतं बे?" प्रेमानंद चप्पल घालून निघालाच होता. तेवढ्यात तारेखाली दोरा दिसला. ग्रीसनं काळा पडलेला, गाठीत मात्र अजून पांढरा. परित्राण पाठाचा दोरा, रक्षणासाठी मनगटाला बांधतात तो. त्या वर्षी घरात पाठ झाला होता, उरलेला दोरा रेणुकानं डब्यात जपून ठेवला होता. गोविंदाकडं तो कुठून येणार?

दोरा तळहातावर घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. "हे काय वं?"

तव्यावरची भाकर करपली तरी रेणुकानं ती उलटली नाही. "मीच सांगतलं व्हतं गोविंदाभाऊले. पुढचा ब्रेक दाबला का माणूस उलथून पडते. माया मामा तसाच गेला. तुमाले काही होऊ नये म्हनून दोराबी मीच देल्ला."

"अडानीपना झाला, सोडून देल्लं. पन दवाखान्यात काऊन म्हनलं, दाबलाच नाही म्हून?"

"सारे इचारून राह्यले व्हते, गाडी थांबली काऊन नाही म्हून," ती खाली मान घालून म्हणाली. "खरं कळलं असतं तर तुमी मले नांदवलं असतं काय?"

"अकरा वर्षं मी मायाच हाताले शिव्या देऊन राह्यलो, रेणुका! अन् तू पाय पुढं करत व्हती, तेल चोळा म्हून!"

तार त्यानं माफ केली असती, हसून केली असती. पण या खोट्याचं काय करायचं, ते त्याला सुचेना. विश्वासानं मान ठेवावी आणि तिथंच सुरी फिरावी, असं झालं होतं त्याला.

दुपारभर तो अंगणात शू घासत राहिला. ब्रेक असा झाला, की दोन बोटांत गाडी जागच्या जागी. नाक्यापर्यंत चक्कर मारून परतला, तर रेणुका फाटकात उभी. ठेवणीतली साडी, पायात चप्पल, पदर खोचलेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मागं बसायला निघालेली. तिनं हात वर केला.

प्रेमानंदची चारही बोटं लिव्हरवर होती. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं, हँडल फाटकाकडून सरळ रस्त्याकडं वळवलं. आणि ब्रेक दाबलाच नाही.