पासंग

“तुला हे शिकवलं कुणी?” गणिताच्या मॅडमनी विचारलं, आणि माझी लेक माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागली.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. टेबलावर तिची अकरावीच्या पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका उघडी पडली होती. पन्नासपैकी अकरा. पाच ठिकाणी लाल पेनाची वर्तुळं, आणि पाचही वर्तुळांत एकच चूक.

“हे बघा,” मॅडमनी पत्रिका माझ्याकडे सरकवली. “उणे दोन एक्स हे सहापेक्षा मोठं आहे, असं दिलंय. दोन्ही बाजूंना उणे दोननं भागलं, इथपर्यंत ठीक. पण उणेनं भागलं की मोठ्याचं चिन्ह उलटं व्हायला पाहिजे. हिनं पाचही गणितांत ते तसंच ठेवलंय. वर समासात लिहिलंय, ‘झुकाव बदलत नाही’. असं कुठल्याच पुस्तकात नाही. क्लासमध्ये सांगतात का असलं काही?”

“मी क्लासला जात नाही,” गुंज म्हणाली. “कुणी नाही सांगितलं. मलाच वाटलं तसं.”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘झुकाव बदलत नाही’ हे वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द माझं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, ते मी शिकवलं. पण मी मूग गिळून बसलो. मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली.

“आता घाबरवत नाही मी तुम्हाला,” असं म्हणून मॅडमनी एक अर्ज पुढे केला, म्हणजे घाबरवलंच. “दहावीपर्यंतचं गणित वेगळं आणि हे वेगळं. चांगल्या चांगल्या मुलांची इथे दांडी उडते. विषय बदलायचा तर शनिवारी अकरापर्यंत हा अर्ज सही करून द्या. ठेवायचा असेल तर तसं खाली लिहा. पण नीट विचार करा.”

बाहेर व्हरांड्यात गुंज म्हणाली, “तू जा बाबा दुकानात. मला तास आहे.” तिनं बाकावरचं तिचं दप्तर उचललं आणि जिना चढून गेली. मी फाटकाबाहेर पडलो. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं मला शिवी दिली, ती मला अगदी योग्य वाटली.

मी तराजू दुरुस्त करतो. वडिलांचं दुकान, तेच चालवतो. काटे, दांड्या, पारडी, पितळी वजनं. आता बहुतेकांकडे आकडे दाखवणारे डबे आलेत, तेही उघडून बघतो, पण जीव अजून दांडीच्या तराजूत. माझी मुलगी जन्मली तेव्हा इतकी हलकी होती, की सोनाराच्या तराजूतल्या सगळ्यात इवल्या वजनावरून मी तिला गुंज म्हणायला लागलो. ते नाव चिकटलं. हातात धरून कुठल्याही वस्तूचं वजन मी सांगतो आणि पाच-दहा ग्रॅमच्या वर चुकत नाही. लहानपणी रोज शाळेतून आल्यावर ती दप्तर माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, “किती?” मी सांगायचो, मग दुकानात नेऊन मोजायचो. पुढे तीही सांगायला लागली. आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या आहेत, पण वजनाच्या बाबतीत एकही नाही.

सातवीत तिला समीकरणं सुटेनात, तेव्हा मी दुकानातला छोटा पितळी तराजू घरी नेला. एक्स म्हणजे बांधलेली पुडी. आत किती ते माहीत नाही. या पारड्यातून दोन काढले तर त्या पारड्यातूनही दोन काढायचे, काटा मध्येच राहिला पाहिजे. आठवड्याभरात पोरगी समीकरणं अशी सोडवायला लागली की बघत राहावं. नववीत लहान-मोठ्याची चिन्हं आली, तेव्हा मीच सांगितलं, की पारडं झुकलेलं असेल आणि दोन्हीकडे सारखंच केलंस, तर झुकाव बदलत नाही. तेव्हा उणेनं भागायचं प्रकरण नव्हतं, किंवा असेल तर आम्ही ते ओलांडून गेलो असू. दहावीला तिला गणितात सत्त्याण्णव पडले. मी गल्लीत सांगत फिरलो, की वर्गातलं एकही पोर हिच्या पासंगाला पुरायचं नाही. बापाचं शिक्षण दहावी, पण छाती बघा.

आणि मग अकरावी लागली. पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन आली, मी बघितलं, म्हटलं उद्या बघू. दुसऱ्या आठवड्यातही उद्याच म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात ती आलीच नाही. सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. चहा अर्धा राहायचा. पेनाची टोपणं चावून चावून चपटी झाली. मला वाटलं वय आहे, होतं असं. खरं तर मला आतून बरंच वाटलं होतं, की ती विचारत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी हिला, म्हणजे गुंजेच्या आईला, सगळं सांगितलं.

“आणि तुम्ही?” ती भाजी निवडत म्हणाली.

“मी काय?”

“तुम्ही बोलला नाहीत, की मी शिकवलं म्हणून?”

“नाही जमलं.”

“लोकांचे काटे सरळ करता दिवसभर,” ती म्हणाली आणि निवडलेली भाजी धुवायला उठली. आणखी चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी दुकान उघडलं, पण काम सुचेना. अर्ज खिशात होता. कागदावर हिशेब मांडला. पाच वर्तुळांचे तीन-तीन धरले तर पंधरा गुण माझ्यामुळे गेले. उरलेले चोवीस तिचे तिनं घालवले. चोवीसही काही कमी नव्हते, पण मला ते पंधराच दिसत होते. लेकीनं विषय सोडला तर तो माझ्या एका वाक्यामुळे सोडणार, आणि वर तिनं मला पाठीशी घातलं होतं. सतरा वर्षांची पोर बापाला पाठीशी घालते, म्हणजे बाप काय लायकीचा.

मग मी ठरवलं, की हे आपणच उलगडायचं. तराजू टांगला. दोन ग्रॅमचं वजन ठेवलं. आता उणे दोन ग्रॅम कसे ठेवायचे? उणे वजन खाली ओढण्याऐवजी वर उचलणार, म्हणून पारड्याला वरून दोरा बांधून बघितला. दोरा, खिळा, दुसरा दोरा, असं करत दुकानाचा नुसता गुंता झाला. डोकं चालेना. घामानं चष्मा सारखा घसरत होता.

तेवढ्यात रद्दीवाला आला. त्याचा तराजू दोन दिवसांपूर्वी दुरुस्तीला टाकलेला. मी तो काउंटरवर टांगून दाखवला.

“काका, अजून गडबड आहे,” तो म्हणाला. “उजवं पारडं खाली जातंय.”

“उजवं वर आहे. डावं खाली जातंय.”

“डावं कुठलं? हे काय समोर दिसतंय, उजवं.”

“तीस वर्षं तराजू करतोय मी. डावं-उजवं मला शिकवतोस?”

“मग इकडे येऊन बघा ना,” तो वैतागून म्हणाला.

मी फळी उचलली, काउंटरच्या पलीकडे गेलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो. उजवं पारडं खाली होतं. तराजूला कुणी हात लावला नव्हता. पारडी तीच, झुकाव तोच. फक्त मी पलीकडे आलो होतो.

मी रद्दीवाल्याचा हात धरला. त्याला वाटलं मी भांडणार. त्याच्या तराजूला एका बाजूनं पासंग लागत होता. पारडी जुनी झाली की एक हलकं पडतं, मग त्या बाजूला तारेचा तुकडा किंवा शिशाचा खडा बांधतात, तो पासंग. उघड बांधलेला असेल तर त्यात काही वावगं नाही. लबाड माणूस तो पारड्याच्या खाली लपवतो, आणि लपवलेला पासंग नुसत्या काट्याच्या चालीवरून ओळखणं, यात माझा हात धरणारा अजून कुणी भेटलेला नाही. मी भराभर तारेचे दोन वेढे घालून त्याला वाटेला लावलं आणि चार वाजता दुकान बंद केलं.

गुंज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. मी छोटा तराजू दाराच्या चौकटीच्या कडीला टांगला, एका बाजूला जास्त वजन ठेवलं.

“कुठलं पारडं खाली?”

“उजवं.”

“आता दाराच्या पलीकडे ये. आता?”

“डावं.”

“कुणी हात लावला तराजूला?”

“नाही.”

“उणेनं गुणायचं म्हणजे एवढंच. काउंटरच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. बघणारा पलीकडे गेला, म्हणून चिन्ह उलटं.” मी डोलणारी पारडी हातानं थांबवली. “झुकाव बदलत नाही, हे मी तुला अर्धंच सांगितलं होतं. अर्धं राहून गेलं.”

तिनं खालच्या पारड्याला बोट लावून बघितलं. मग तिनं विचारलं, “भागलं तरी तेच?”

“भागलं तरी तेच.”

“आणि दोनदा उणेनं गुणलं तर?”

मी विचार केला. “तर परत आपल्या जागेवर येशील.”

“म्हणजे चिन्ह परत पहिल्यासारखं.” ती हसली. “भारी आहे हे, बाबा. कळलं मला.”

मला इतकं हलकं वाटलं, की मी आख्खा चहा उभ्यानंच प्यायलो. हिनं भाजीच्या पातेल्यातून मान वर करून एकदा माझ्याकडे आणि एकदा गुंजेकडे बघितलं. त्यात काय बघायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

“मग अर्जाचं काय?” मी विचारलं.

“ठेवायचंय मला गणित.”

“आणि पोट?”

“दुखेल. दुखू दे.” मग पुस्तक जवळ ओढत म्हणाली, “बाकीचं मला अजून काहीच येत नाहीये बाबा. रोज वर्गात जाताना भीती वाटते. पण ठेवायचंय.”

शनिवारी दहा वाजता मी शाळेत गेलो. गुंजेला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि एकटाच आत शिरलो. अर्जावर ‘विषय ठेवायचा आहे’ असं लिहून सही केली होती. तो दिला आणि उभ्या उभ्याच म्हणालो, “मॅडम, ते झुकावाचं मी शिकवलं होतं. तिची चूक नाही. परवा मी बोललो नाही, ते चुकलंच माझं.”

मॅडमनी चष्मा काढला. “मला वाटलंच होतं. तुम्ही तराजूचं काम करता ना? बसा.” मी बसलो. “वाईट नाही शिकवलंत. उणेपर्यंत ते बरोबरच आहे. आणि आता काळजी नको, तेवढं तिचं पक्कं झालंय.”

“हो, काल संध्याकाळी मी तिला...”

“ती गुरुवारीच आली होती माझ्याकडे. तुम्ही फाटकाबाहेर पडला असाल-नसाल, लगेच. मी म्हटलं, तीन आणि पाच घे, दोघांना उणे कर, आता कोण मोठं ते सांग. चटकन आलं लक्षात. काल सकाळी वीस गणितं सोडवून आणली. वीसच्या वीस बरोबर.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “घरी बोलली नाही का?”

“बोलली असेल,” मी म्हणालो. “माझ्याच लक्षात राहिलं नसेल.”

“पुढचं मात्र अवघड आहे हो. खोटं कशाला सांगू. तिला खूप झगडावं लागेल.”

मी मान हलवली आणि बाहेर आलो. व्हरांडा लांब होता. काल तिनं विचारलेले दोन्ही प्रश्न मला आठवत होते, आणि ते किती अचूक जागी विचारले होते, तेही. माझं पारडं हलकं पडतंय हे तिनं ओळखलं होतं. एवढा लपवलेला पासंग, माझ्या नाकासमोर, आणि तीस वर्षांच्या हाताला तो कळला नाही.

गुंज बाकावर पुस्तक उघडून बसली होती. पुढचा धडा काढला होता. पानावर एक लांबट, टोकांना गळासारखं वाकलेलं चिन्ह होतं, मी ते कधीच बघितलेलं नव्हतं. त्याच्यासाठी माझ्या दुकानात काही नव्हतं. ती टोपण चावत होती.

“काय म्हणाल्या मॅडम?”

“काही नाही. सही बघितली.”

“अजून काही नाही?”

“तराजूचं बरोबर होतं म्हणाल्या. उणेपर्यंत.”

ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि दप्तर तिनं माझ्या हातात दिलं. कितीतरी वर्षांनी दिलं. पट्टा हातात आला आणि वजन आपोआप कळलं, साडेसहा किलोला जरा कमी. एवढं ओझं घेऊन ती रोज तो जिना चढते, हे मला माहीत नव्हतं.

“किती?” तिनं खाली बघतच विचारलं.

“चार,” मी म्हणालो. “फार नाही.”

नाडीची गाठ बांधून झाली होती, तरी ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. तिलाही हातानं वजन कळतं, मीच शिकवलंय. मग ती उठली, दप्तर घेतलं, दोन्ही पट्टे खांद्यांवर सारखे केले आणि “हो, चारच असेल,” म्हणून वर्गाकडे गेली.