तक्त्यात नसलेला शब्द

तिने पंधरावं चित्र बाबांसमोर धरलं. नेलकटरचं.

"हे काय आहे, बाबा? ने... ने..."

बाबांनी चित्राकडे पाहिलं. मग डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलून त्यांनी वहिनीसमोर धरला.

तिने मांडीवरच्या गुणांच्या तक्त्यावर फुली मारली.

"अहो वन्सं, चुकलं कुठे?" वहिनी हसली. "नखं काढायची तर हातच पुढे करणार ना माणूस!"

"शब्द यायला हवा, वहिनी. खुणेला गुण नसतात."

"बरं बाई, करा नापास. या घरात बोलायचं खातं तसंही माझ्याकडेच आहे. तुमचा भाऊ ऐकतो, बाबा ऐकतात, उत्तर कोणी देईल तर शपथ!"

बाबांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

ती स्पीच थेरपिस्ट होती. अर्धांगवायूने वाचा गेलेली कितीतरी माणसं तिने बोलती केली होती. बाबांना झटका आला तेव्हा दवाखान्यातच सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "दादा, तू घोर लावून घेऊ नकोस. मी आहे ना! बाबांना मी बोलतं करीन." त्याला पाच महिने झाले. लेकीची शाळा, स्वतःची नोकरी... या पाच महिन्यांतली ही तिची दुसरी खेप. संध्याकाळचा फोन मात्र एकदाही चुकला नव्हता. "मी आहे हं, बाबा," असं ती रोज सांगायची. वहिनी तो फोन बाबांच्या कानाशी धरून उभी राहायची.

आज एक तरी शब्द वदवून घ्यायचाच, असं ठरवून ती आली होती. तो शब्द कुठला असावा, हे कोणाला सांगितलं नव्हतं. पण गठ्ठ्याच्या तळाशी तिने स्वतःचा फोटो घातला होता. तो तिने आता वर काढला.

"ही कोण, बाबा?"

बाबांनी फोटोवरून बोट फिरवलं. ओठ थरथरले. शब्द आला नाही.

"प्रयत्न करा. मी कोण?"

"थांबा हं जरा." वहिनी मध्ये आली. तिने बाबांची लाळ पुसली, खाली घसरलेला हात उचलला आणि खांद्याखाली उशी सरकवली. "खांद्यातून कळ येतेय त्यांच्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कपाळाला आठी पडली की."

ती स्वतः तासभर बाबांच्या ओठांकडेच बघत होती.

वहिनी कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाली. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा ताणला गेला, गळ्याची शीर फुगली.

"बै..."

दोघी थबकल्या.

"बैस," बाबा वहिनीला म्हणाले.

"अगं बाई!" वहिनीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत, कळेना. "ऐकलंत? बोलले! वन्सं, लिहा ना, लिहा!"

तिने सवयीने पेन उचललं. मग तिची नजर खोलीभर फिरली. खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीत बाबा होते.

ती उठली.

"अहो, तुम्ही कशाला उठता?" वहिनी म्हणाली. "बसा. इतक्या लांबून आलात."

ती उभीच राहिली.