रावसाहेबांची बादली

बाबांच्या फिश टँकमधला काळपट सकर मासा दिवसभर काचेला चिकटून असे आणि कुणी टकटक केली तरी हलत नसे. बाबांनी त्याचं नाव रावसाहेब ठेवलं होतं. उन्हाळ्यात बाबा गेले. आता त्यांची नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडायची होती, आणि माझ्या एका खोलीत पुस्तकांनाच जागा नव्हती. "थोडी काढून टाक," असं बाबा दर भेटीत म्हणत.

"कात्रजच्या तलावात सोड," सत्यशीला आत्या म्हणाली. "दादाच्या नावानं एक जीव मोकळा होईल."

रविवारी रिक्षातून बादली घेऊन पोचलो, तर काठावर मांडव, गळ टाकून बसलेली माणसं आणि माइकवर 'दीक्षा' असा बिल्ला लावलेली एक मुलगी.

"आजची स्पर्धा फक्त परक्या माशांची!" तिच्या हातात रावसाहेबांचा थोरला भाऊ शोभेल असा मासा होता. "हा इथला नाही. घरी कंटाळा आला म्हणून, नाहीतर पुण्य म्हणून कुणीतरी सोडलेला. आता हे इथल्या माशांची अंडी खातात, काठाला बिळं करतात. पकडलेले परत पाण्यात जाणार नाहीत. त्यांचं खत होणार."

आत्याने बादलीवर पदर टाकला. दीक्षाने ते पाहिलंच.

"वा काकू, काय मिळालं?"

"मिळालं नाही. सोडायला आणलंय." आत्याला खोटं कधी जमलं नाही.

आजूबाजूचे हसले.

"म्हणजे तुम्ही उलटी स्पर्धा खेळताय," दीक्षा म्हणाली. "द्या इकडे. घरच्या माशांसाठी ती वेगळी टाकी आहे. कुणी सांभाळणारं आलं तर नेईल."

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

तिने माइक खाली केला. "मग अवघड आहे, ताई."

मी बादलीत हात घातला. रावसाहेब कडेला घट्ट चिकटले होते. थोडं ओढून पाहिलं, सोडेनात. मग मीच हात काढून घेतला.

"सांभाळणारं आलंय," मी म्हणाले.

दीक्षा लगेच माइकवर ओरडली, "ऐका! या ताई मासा परत घरी नेताहेत. पहिल्या टाळ्या यांना!" गळ हातात धरूनच लोकांनी जमतील तशा वाजवल्या.

परतताना रिक्षात आत्या म्हणाली, "टँक ठेवणार कुठे?"

"कपाटावर. तिथली पुस्तकं काढते."

"दादा सांगून सांगून थकला," आत्या म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

गतिरोधक आला तशी मी बादली दोन्ही पायांत घट्ट धरली.