बॉनेटवरचं कुंकू

अप्पा गाडीजवळ आले की आधी खोबरेल तेलाचा वास येतो, मग चपलांची सावकाश फरफट. विद्यानगरच्या वैशाखी उन्हात बॉनेटवर टेकलेला माझ्या वडिलांचा हात हल्ली थरथरतो. पन्नास वर्षं वकिली केली, तेव्हा कधी थरथरला नव्हता. गाडीचा मोतिया रंग कारखान्यातून आला तोच आहे. त्यावर दुसरा हात त्यांनी कुणाला मारू दिला नाही, कारण आईनं तिच्या शेवटच्या दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक त्या रंगात फिकट होऊन मुरलं आहे. मोतीबिंदूमुळे आता ते त्यांना दिसत नाही. मग रोज सकाळी मला विचारतात, “आहे ना गं?”

त्याच स्वस्तिकावर आंब्याचा चीक पडला. गाडी झाडाच्या सावलीत मीच लावली होती आणि लोणच्याच्या कैऱ्या उतरवताना ती झाकायला मीच विसरले. चार दिवसांत थेंब काळे, टणक झाले.

“हा हात ऐकत नाही. तूच काढ,” अप्पा म्हणाले. “आहिस्ते. जल्दी नको.”

फणस चिरल्यावर हाताचा चीक आम्ही खोबरेलानं काढतो, तसाच काढायला घेतला. कापसाचा बोळा एकेका थेंबावर टेकवत गेले. रंगाचा पापुद्रा निघाला तर? पण चीक अलगद सुटला, खालचा मोतिया रंग शाबूत होता. हुश्श म्हणणार, तोच बोळा तांबूस दिसला. निजण्यापूर्वी आई कपाळावरचं कुंकू याच तेलानं पुसायची, हे मला आधी आठवायला हवं होतं. बॉनेटवर स्वस्तिकाची एकही रेघ उरली नव्हती.

“निघाला चीक?”

“निघाला.”

“आणि तिचं स्वस्तिक? आहे ना गं?”

“आहे,” मी म्हटलं आणि बोळा मुठीत दडवला.

अप्पा वाकले. कोऱ्या पत्र्यावर तर्जनी टेकवून त्यांनी एकेक रेघ गिरवली, वळणं घेतली, चारही ठिपके दिले. बोट एकदाही चुकलं नाही, थरथरलंही नाही.

“हौ, आहे,” ते म्हणाले.

सोमवारी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. इतक्या वर्षांत काळाला जे पुसता आलं नाही, ते मी एका सकाळी पुसलं. आता ते फक्त त्यांच्या बोटात उरलं आहे, आणि त्यांना लख्ख दिसू लागेल त्या दिवसाची मला भीती वाटते.