कॉनीच्या आईची ओढणी

मला सगळं येतं, असा माझा समज आहे. भाईंदरच्या एका शाळेचं ऑफिस बावीस वर्षं चालवल्यावर कुणाचाही होईल. पाच मुख्याध्यापक आले नि गेले, मी एकटी टिकले. निवृत्त झाल्यावर सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी दोन बोन्साय मारली, असंख्य केक करपवले आणि गिटारचा क्लास तीन आठवड्यांत सोडला. आमचे सुभाषराव दर वेळी पेपरातून डोकं वर न काढता एवढंच विचारायचे, "हे किती दिवस?"

नूनो फेल्टिंग सुरू केलं तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. या वेळी मात्र मी भांडले नाही, कारण काम माझं नव्हतं, कॉनीचं होतं.

कॉनी बावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर ज्युनिअर क्लार्क होती. उत्तनची, समुद्राकाठच्या कोळी गावातली. नवरा सॅम्युएल जाऊन नऊ वर्षं झाली, एकुलती एक मुलगी ॲलिसन टोरंटोला नर्स आहे. तिचं लग्न जानेवारीत ठरलं आणि नेमका कॉनीचा व्हिसा नाकारला गेला. पुन्हा अर्ज केला तर मार्च उजाडणार होता. ॲलिसनने फोन करून विचारलं, "मम्मा, मग काय करू?" कॉनी म्हणाली, "तुमी करून घ्या. माझी काय काळजी न्हाय." फोन ठेवला आणि कपाट उघडून तिने आईची ओढणी बाहेर काढली. हे सगळं माझ्यासमोर झालं. मी तिच्याकडे बोंबील खायला गेले होते.

ओढणी म्हणजे चर्चमध्ये नवरीच्या डोक्यावर असते ती. पांढरं, झिरझिरीत, खरं रेशीम. कॉनीची आई ती घेऊन लग्नाला उभी राहिली, मग कॉनी राहिली. "मी न्हाय तर न्हाय, ही तरी जाऊ दे," कॉनी म्हणाली. तिचा भाचा रॉयस्टन ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी टोरंटोला शिकायला निघाला होता. त्याच्याबरोबर ओढणी पाठवायची, असं ठरलं.

इथे मी तोंड उघडलं. "अगं, तिथे जानेवारीत उणे पंधरा असतं. हे जाळीदार फडकं घेऊन पोरगी चर्चच्या दारातच गोठेल. मी हिला लोकर लावून देते. ऊब येईल आणि ओढणी ती ओढणीच राहील."

"तुम्हाला येतं, मॅडम?"

"येतं," मी म्हणाले. व्हिडिओ सात मिनिटांचा होता. मी चार मिनिटं पाहिला होता.

नूनो फेल्टिंग सांगायला सोपं आहे. पातळ कापडावर न कातलेली मेंढीची लोकर पसरायची, वर साबणाचं कोमट पाणी शिंपडायचं, ते सगळं फुग्यांच्या प्लास्टिकवर, म्हणजे बबल रॅपवर, ठेवून एका दांड्याभोवती गुंडाळायचं आणि पोळपाटावर लाटल्यासारखं पुढेमागे लाटत बसायचं. शेकडो वेळा. लोकरीचे तंतू कापडाच्या जाळीतून आरपार जातात, एकमेकांत अडकतात, मग आटायला लागतात आणि कापडालाही आत ओढतात. त्यानेच त्याच्यावर सुंदर चुण्या पडतात. व्हिडिओतली बाई हे करताना हसत होती. तिला लाटायची सवय नसावी.

पहिला प्रयोग मी स्वेटरच्या लोकरीवर केला. नया नगरच्या दुकानातून सहा गुंडे आणले, दुकानदाराशी घासाघीस करून त्याला नको नको केलं आणि घरी येऊन दीड तास लाटलं. लोकर कापडावरून केसांसारखी निघून आली. मग वाचलं की ती लोकर नव्हतीच, ॲक्रिलिक होतं. दुकानदाराने बिचाऱ्याने विचारलं होतं, "आंटी, असली चाहिए या धोनेवाली?" मी म्हणाले होते, "धोनेवाली." धुवायला सोपी पडेल म्हणून.

दुसऱ्या वेळी खरी मेरिनो लोकर ऑनलाइन मागवली. कापसासारखी मऊ, हातात घेतली की सोडवेना. आता माझ्या हातून काय घडलं ते ऐका. पुरणपोळीत पुरण कणकेच्या दुप्पट भरायचं, असं मला सासूबाईंनी शिकवलेलं. कमी भरलं की त्या पोळी उचलून उजेडात धरायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. पस्तीस वर्षं त्या न बोलण्याची धास्ती घेतलेली बाई लोकर पातळ पसरेल कशी? मी थरावर थर दिले. लाटून, आपटून जे तयार झालं ते सुभाषरावांनी दोन बोटांनी उचललं आणि दाराबाहेर पायपुसणं म्हणून टाकलं. शेजारच्या शाहबाई त्याच्यावर पाय पुसून म्हणाल्या, "सरस छे, कहाँ से लिया?"

तिसऱ्यांदा मी लोकर इतकी विरळ पसरली की खालचं कापड दिसत होतं. सासूबाई असत्या तर घराबाहेर काढलं असतं. पण हातरुमालाएवढा तुकडा झकास जमला. हलका, उबदार, चुण्याचुण्यांचा. शिवाय एक गोष्ट कळली. चिमटीत धरून लोकर उचलली आणि तिच्याबरोबर कापडही उचललं गेलं, की झालं. तिथे थांबायचं. मोठ्या कापडाला साधारण चारशे लाटण्या. त्यापुढे लाटलं तर ते आटतच जातं आणि आटलेलं परत येत नाही.

रॉयस्टन निघायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, लोकर, साबण आणि प्लास्टिक घेऊन मी उत्तनची बस पकडली. एवढ्या लांब ओढणीला दांडा कुठून आणायचा, ही माझी चिंता कॉनीने आधीच मिटवली होती. मासळी वाळत घालायच्या मांडवातला एक बांबू तिने धुऊन, पुसून, लिंबू चोळून तयार ठेवला होता. तरी त्याला सुक्या बोंबलाचा बारीक वास येत होता. मी म्हटलं, नवरीला माहेरची आठवण येईल.

ओढणी ओसरीवरच्या लांब टेबलावर पसरली. पाच हात भरली. लोकर मी घातली, एकदम विरळ, कडेला थोडी जास्त. कॉनी बघत होती. तिने ओढणीला हात लावला नाही, फक्त एकदा कोपरा सरळ केला. पाच वाजता गुंडाळून लाटायला बसलो. दोनशे होईपर्यंत माझे खांदे गळून गेले आणि कॉनी अजून जांभया देत होती. ती सोळाव्या वर्षापर्यंत बंदरावर पाट्या वाहायची, हे मी विसरले होते. चहा घेतला, थोडं बसलो, पुन्हा हात लावणार तेवढ्यात फाटक वाजलं आणि एकामागून एक बाया आत आल्या. बारा. हातात जपमाळा.

"आज रोझरी माझ्याकडं हाय," कॉनी म्हणाली. "सांगायचं ऱ्हायलं, मॅडम."

ऑक्टोबरभर गावात रोज संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी रोझरी असते. 'नमो मारिया' ही प्रार्थना दहा वेळा म्हटली की एक संच, असे पाच, आणि मागून लिटनी, म्हणजे मारियेच्या नावांची लांबलचक माळ. मी गुंडाळी उचलायला गेले, तर सगळ्यांत वयस्क मार्था आंटीने विचारलं, "ह्ये काय हाय?" कॉनीने सांगितलं. ॲलिसनची ओढणी म्हटल्यावर सगळ्या जणी टेबलाजवळ सरकल्या. आंटी म्हणाली, "मंग बाजूला कशाला ठिवायची? प्रार्थनेत लाटू. पोरीला आशीर्वाद लागल."

मला कल्पना फार आवडली, हे कबूल करते. शिवाय माझे खांदे. मी म्हटलं, एका नमो मारियाला दहा वेळा लाटा. हिशोब साधा होता. दोनशे झाल्या होत्या, दोन संचांत उरलेल्या दोनशे होतील.

बायांनी लाटायला सुरुवात केली. दोघी दोघी मिळून, पाळीने. उत्तनच्या बायांचे हात मी तोपर्यंत फक्त बाजारात पाहिले होते, बर्फातून सुरमई उचलताना. त्यांनी नुसता जोर लावला नाही, त्यांनी मन लावलं. पाणी गार झालं की एक जण आत जाऊन किटली आणायची आणि कडकडीत पाणी वरून ओतायची. मी आपली साबण शिंपडत होते आणि कुठे "आमेन" आलं की तेवढं म्हणत होते.

दुसरा संच संपला. मी गुंडाळीची कड उलगडून चिमटी घेतली. लोकरीबरोबर रेशीम उचललं गेलं. झालं होतं.

"थांबा," मी हळूच म्हणाले.

मार्था आंटीने माझ्याकडे पाहिलं. चर्चमध्ये खिदळणाऱ्या पोराकडे पाहतात तसं. तिसरा संच सुरू झाला. मी कॉनीकडे पाहिलं, तर तिचे डोळे मिटलेले. आता प्रार्थनेच्या मध्ये कोण थांबतं? आमच्याकडे आरती चालू असताना कुणी मला थांब म्हटलं असतं, तर मी त्याच्या हातात टाळ दिले असते. दुसरं असं, की बारा बाया माझ्याकडे तज्ज्ञ म्हणून बघत होत्या आणि मला ते फार दिवसांनी मिळालं होतं. मी गप्प बसले. थोडं जास्त झालं तर काय बिघडतं, असं स्वतःला सांगितलं. तिसरा, चौथा, पाचवा. मग लिटनी, जी संपता संपत नाही. मग एक भजन. बाया भजनातही लाटत होत्या.

शेवटी उलगडलं. पाच हातांची ओढणी जेमतेम दोन हात उरली होती. जाड, चुणीदार, घट्ट.  मार्था आंटीने दोन टोकं धरून जोरात ओढून पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं. कॉनीने आतून उकडलेल्या चण्यांच्या वाट्या आणल्या, प्रत्येकीला दिल्या, प्रत्येकीचे आभार मानले. चणे खाऊन बाया गेल्या.

मी ओसरीवर बसून रडले. खोटं कशाला सांगू? वाईट कापडाचं वाटत नव्हतं. एका बाईकडे मुलीला द्यायला एक गोष्ट होती आणि ती मी माझ्या मोठेपणापायी आटवून टाकली होती. "मला येत नव्हतं कॉनी," मी म्हणाले. "मी त्यांना थांबवायला हवं होतं आणि थांबवलं नाही."

"मलाबी कळलं होतं," कॉनी म्हणाली. "तुम्ही थांबा म्हणालात तवाच. पण डोळे उघडावंसं वाटलं न्हाय."

तिने ती ओढणी पिळली, टॉवेलात दाबली आणि स्वतःच्या गळ्याभोवती घेतली. कॉनी बुटकी आहे. ती तिला बरोबर बसली.

तेवढ्यात ॲलिसनचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, पाठीमागे खिडकीत ऊन. मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून बाजूला सरकले.

"मम्मा, गळ्यात काय घातलंयस?"

"तुझ्या आजीची ओढणी. आटली. आता तुझ्या डोक्यावर बसणार न्हाय."

"आटली? कशी?"

"आमी लई लाटली."  मग ऑफिसात रजा मागतानाही तिचा जो आवाज कधी निघाला नव्हता, तो निघाला. "ॲली, जानेवारीत नको करू. व्हिसाचं परत टाकते. मार्च लागल. मार्चपर्यंत थांब. मला यायचं हाय."

  मी वाकून पाहिलं, तर ॲलिसन रडत होती.

"मम्मा, मी विचारलं होतं ना तुला. तेव्हा का नाही बोललीस?"

"तवा पाठवायला ओढणी होती," कॉनी म्हणाली.